सवय लागेपर्यंतच फोनची सोबत

चांगली सवय लावायची ठरवली की हल्ली लोक आधी ॲप शोधतात. पाणी प्यायची आठवण करणारं, पावलं मोजणारं, ध्यान करवून घेणारं, खर्च लिहून ठेवणारं. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग ॲप आठवण करतं आणि आपण ती बोटाने बाजूला सारतो. पुढे पुढे तर ती आलेली कळतही नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे. माझं म्हणणं असं, की यात आळसाचा वाटा थोडा आहे. आठवण करून देणं आणि सवय लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम फोन सहज करतो. दुसरं त्याच्याकडून मुद्दाम करवून घ्यावं लागतं, आणि ते कसं करवून घ्यायचं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगायचा हा प्रयत्न. उदाहरणं आपल्या खानदेशातली घेतली आहेत, कारण सवय ही जागा, ऋतू आणि घरचा दिनक्रम धरूनच लागते. पुण्यातल्या फ्लॅटमधलं वेळापत्रक रावेर-यावलच्या केळीवाल्या घरात चालत नाही.

सवय कशावर उभी असते

एक खूण समोर आली की विचार न करता हातून एक काम होतं, त्याला आपण सवय म्हणतो. ती खूण वेळेची असेल, जागेची असेल, एखाद्या वस्तूची किंवा नुकत्याच संपलेल्या कामाची. जेवण झालं की हात बडीशेपेच्या डबीकडे जातो. तिथे जेवण संपणं ही खूण. अमेरिकेतल्या वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2002 सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना तासातासाने लिहायला लावलं की आत्ता काय करताय, कुठे करताय आणि डोक्यात काय चाललंय. नोंदवलेल्या कामांपैकी सुमारे 43 टक्के कामं जवळपास रोज आणि बहुधा त्याच जागी होणारी निघाली, आणि ती करताना मन बऱ्याचदा भलतीकडेच होतं. दिवसाचा एवढा मोठा भाग आपण खुणांवर चालतो. तसं चालतो म्हणूनच सकाळची इतकी कामं डोकं न शिणता उरकतात, हेही खरं.

सवय लागायला 21 दिवस लागतात, असं ठामपणे सांगणारे व्हिडिओ रोज येतात. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून आला. शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा मनाला पटायला रुग्णांना किमान 21 दिवस जातात, असं निरीक्षण त्यांनी 1960 साली मांडलं होतं. पुढे त्यातलं ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना लागू झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. त्यांचा अभ्यास 2009 साली आला. 96 जणांनी एकेक नवं काम निवडलं आणि दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून ते रोज करायचं ठरवलं. ते काम अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागत होते. पण सरासरीपेक्षा तिच्या दोन्ही बाजूंची तफावत जास्त बोलकी आहे: कुणाचा हिशेब 18 दिवसांचा निघाला, तर कुणाचा 254 दिवसांचा. ग्लासभर पाणी प्यायची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फोनने आपल्याला लावलेल्या सवयी

सवय कशी लावायची हे कुणाकडून शिकायचं असेल, तर फोन बनवणाऱ्यांकडून शिकावं. आपल्याला नको असतानाही त्यांनी ती लावून दाखवली आहे.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग या विषयात वारंवार सांगितले जातात. कबुतराने चोच मारली की दरवेळी दाणा पडत असेल, तर दाणे बंद झाल्यावर ते लवकर कंटाळून थांबतं. पण दाणा कधी पडेल याचा भरवसा नसेल, तर ते चोच मारतच राहतं. रील पाहताना बोट वर सरकवतो तेव्हा हेच चाललेलं असतं. दहातली एखादी रील झकास निघते, आणि ती कितवी असेल हे माहीत नसतं. त्यात पान संपतच नाही. पूर्वी वेबसाइटवर पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ दाबावं लागायचं, तिथे क्षणभर थांबून उठावंसं वाटायचं. 2006 साली अझा रास्किन या डिझायनरने तळच नसलेलं पान तयार केलं. त्याचे परिणाम पाहून पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. त्याआधी महिन्याचा डेटा जपून वापरायची शिस्त आपोआप होती. आता पॅक रोजच्या डेटाचा असतो आणि रात्री बाराला उरलेला डेटा बुडतो. ‘अजून अर्धा जीबी शिल्लक आहे, वाया जाईल’ म्हणून रात्री अकरा वाजता व्हिडिओ लावणारी माणसं मी भुसावळच्या गाडीत पाहिली आहेत, घरातही पाहिली आहेत. पैसे वसूल करायच्या आपल्या चांगल्या संस्कारावरच हा पॅक बेतलेला आहे. त्या अर्ध्या जीबीपेक्षा ती तासाभराची झोप कितीतरी महाग असते.

आता यातून शिकण्यासारखं काय? सवय लावायला त्यांना तुमची इच्छाशक्ती लागली नाही. त्यांनी खुणा पेरल्या, काम सोपं केलं आणि थांबायच्या जागा काढून टाकल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातले वर्तनाचे अभ्यासक बी. जे. फॉग याचं सूत्र असं सांगतात: माणसाला थोडी इच्छा हवी, काम त्याच्या आवाक्यातलं हवं आणि नेमक्या क्षणी कुणीतरी हटकायला हवं. तिन्ही एकत्र आलं की काम होतं. आपल्याला हेच उलट्या बाजूने करायचं आहे. नको त्या कामाच्या खुणा काढायच्या आणि हव्या त्या कामाच्या पेरायच्या.

आठवण एक, सवय दुसरी

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. ‘मी रोज चालणार’ असा निश्चय करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं ठरवणारे आपलं ठरवलेलं जास्त वेळा पार पाडतात. ‘गुरांचं दूध काढून झालं की कळशी ठेवायच्या आधी दहा मिनिटं प्राणायाम’ हा खरा बेत झाला. ‘उद्यापासून प्राणायाम’ ही नुसती इच्छा.

फोनचा गजर यात कुठे बसतो? 2015 साली लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष असा, की फोनवरच्या आठवणीने लोक काम जास्त वेळा करतात, पण ते काम आपोआप व्हायला लागण्यात तीच आठवण आड येते. आपोआपपणा वाढतो तो दिनक्रमातल्या एखाद्या प्रसंगाला काम जोडलं की. कारण उघड आहे. रोज गजर वाजल्यावरच गोळी घेत असाल, तर तुमची खूण गजर हीच बनते. फोन बदलला, सायलेंट राहिला, चार्जिंगला दुसऱ्या खोलीत गेला, की खूण गेली आणि गोळीही गेली.

म्हणून फोनचं काम स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखं असावं. काँक्रीट ओलं असताना ते नसेल तर सगळं खाली येईल. पक्कं झाल्यावर ते तसंच ठेवलं तर खोलीत वावरता येणार नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते माझ्या मावशीच्या गोळीवरून सांगतो. मावशी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिला थायरॉईडची गोळी आहे. ती उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण मावशीची सकाळ चहानेच उजाडते. गोळीची आठवण व्हायची ती कप खाली ठेवल्यावर. ‘माले ध्यानच ऱ्हास नही,’ ती म्हणायची, आणि मग तो दिवस तसाच जायचा.

मावसबहिणीने दोन गोष्टी केल्या. मावशी रात्री झोपताना उशाशी तांब्याभर पाणी भरून त्यावर फुलपात्र उपडं घालते, आणि पहाटे उठल्या उठल्या पहिल्यांदा तेच पाणी पिते. ही तिची वर्षानुवर्षांची सवय. बहिणीने गोळ्यांची पट्टी रबरबँडने त्या तांब्याच्या गळ्यालाच बांधली. पाणी घ्यायचं तर हात पट्टीला लागणारच. दुसरं म्हणजे नातीच्या आवाजात चार शब्द रेकॉर्ड केले आणि फोनच्या घड्याळात गजर म्हणून लावले. साडेपाचला फोनमधून नात विचारायची, ‘माय, गोयी खादी का?’ कंपनीच्या कर्कश टोनपेक्षा याने मावशी हसतच उठायची.

काही आठवड्यांनी मावशी सांगायला लागली, ‘ती विचारस तव्हय मनी गोयी खायेल ऱ्हास.’ म्हणजे गजराच्या आधीच गोळी होत होती. लोक अशा वेळी एकतर गजर कायम ठेवतात, नाहीतर एकदम बंद करतात. बहिणीने तो साडेपाचवरून सहावर नेला, चहाचं आधण ठेवायच्या थोडं आधी. आता तो हटकत नाही, विचारून खात्री करतो. एखाद्या दिवशी राहिलीच गोळी, तर चहाआधी लक्षात येते. गजर कामाच्या आधी होता, तो कामाच्या नंतर गेला, एवढाच बदल. पण त्याने गोळीची खूण फोनमधून निघून तांब्यावर आली. औषधाच्या बाबतीत असा मागचा गजर कायम राहू द्यावा. चालणं, वाचन, रियाज अशा गोष्टींत पुढे तोही काढता येतो.

तिच्याच फोनमध्ये आणखी एक आठवण आहे, महिन्यातून एकदा येणारी: पट्टी संपत आली का पाहा. ती कधीच काढायची नाही. महिन्यातून एकदा होणाऱ्या कामाची सवय लागत नाही, त्याला आठवणच लागते. पीक विम्याची शेवटची तारीख, ई-पीक पाहणीची मुदत, गाडीचा इन्शुरन्स, बाळाची लस, गॅसची नळी बदलणं. या सगळ्या गोष्टी डोक्यातून काढून बिनदिक्कत कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. रोजचं काम खुणेवर सोपवावं आणि क्वचितचं फोनवर. या एका वाटणीनेही फोनमधल्या निम्म्या आठवणी कमी होतात.

पहाट वाचवायची तर रात्रीपासून

खानदेशात चालायची सवय लावायची म्हणजे उन्हाशी गाठ. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45च्या आसपास जातो. सकाळी आठला रस्ता तापलेला असतो. मेहरूण तलावाच्या काठावर फिरणारी मंडळी पाच-साडेपाचला तिथे असतात ती हौसेने नव्हे, नंतर फिरणं शक्यच नसतं म्हणून. याचा अर्थ असा, की इथे चालण्याची सवय पहाटे मोडत नाही, ती आदल्या रात्री दहाला मोडते. बाराला झोपलेला माणूस पाचला उठेल आणि रोज उठेल, ही आशा करू नये.

झोपण्याआधी स्क्रीनवर वाचल्याने झोप उशिरा लागते आणि सकाळी जडपणा राहतो, असं 2015 सालच्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात दिसलं होतं. त्यात प्रकाशामुळे शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, दबतं असं मोजलं गेलं. फोनमधला पिवळसर उजेड त्यासाठीच आला. माझ्या मते मात्र उजेडापेक्षा मजकूर जास्त जागवतो. गटात झालेला वाद पिवळ्या उजेडात वाचला तरी डोकं तापतंच.

उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. अंथरुणाबरोबर फोन वर जातो. तो खालीच चार्जिंगला राहू द्या, आणि उठायला शंभर-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ वर न्या. सगळ्या उपायांत स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच आहे, असं मी ठामपणे सांगेन. हात पोचेल इतक्या अंतरावर फोन असताना ‘पाहणार नाही’ म्हणणं ही रोजची लढाई आहे. जिना उतरून जायचं असेल तर लढाईच होत नाही.

यावर लगेच उत्तर येतं: फोन लांब कसा ठेवणार? शेतीची लाईट रात्रपाळीची असते, आई गावाला एकटी असते, मजुरांचा फोन पहाटे येतो. खरी अडचण आहे, आणि तिच्यावर फोनमध्येच उपाय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘व्यत्यय आणू नका’ म्हणून एक सोय असते. रात्री दहा ते पहाटे पाच अशी तिची वेळ ठरवून देता येते. त्या वेळात सगळं गप्प, पण फोनमधल्या नावांच्या यादीत ज्या नंबरांना तुम्ही चांदणी लावली आहे (म्हणजे ‘आवडते’ म्हणून खूण केली आहे) त्यांचे फोन वाजतात. आईला चांदणी लावा. पंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये जे सिमकार्ड आहे, त्या नंबरलाही लावा. लाईट आल्याचा फोन वाजेल आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा सकाळपर्यंत थांबतील. तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू द्यायचा, अशीही एक सोय त्यात आहे. म्हणजे खरोखर अडलेल्याचा फोन चुकत नाही. आवाज मोठा ठेवा आणि फोन खालच्या खोलीत.

तो मोबाईल स्टार्टर मला तंत्रज्ञानाच्या चांगल्या वापराचा नमुना वाटतो. लाईट आली, त्याने कळवलं, बटण दाबलं, मोटार चालू झाली, विषय संपला. तो तुम्हाला ‘आणखी हेही पाहा’ म्हणत नाही. फोनमधल्या प्रत्येक ॲपला हाच प्रश्न विचारून पाहावा: माझं काम झाल्यावर हे मला सोडतं का? घड्याळ सोडतं, कॅल्क्युलेटर सोडतो, हवामान सोडतं. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची माहिती पाहायला यूट्यूब उघडलं की मात्र अर्ध्या तासाने आपण कुठल्या तरी कुस्तीत असतो. यूट्यूबमध्ये पाहिलेल्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकला, तर 2023 पासून त्याचं पहिलं पान जवळपास कोरं येतं. समोर फक्त शोधायची चौकट. बोंडअळी शोधायची, पाहायची, बाहेर यायचं.

जे सोडत नाही ते काढूनच टाका असं मी म्हणत नाही. ते पहिल्या पानावरून हलवा, वापर झाला की लॉगआउट करा. दरवेळी पासवर्ड टाकावा लागला की निम्म्या वेळा हात आपणच मागे घेतो. व्हॉट्सॲपचे गट ‘नेहमी’साठी म्यूट करून संग्रहित करावेत. बऱ्हाणपूरचे केळीचे भाव दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहिले तरी भाव तेच असतात.

मोजण्याचा मोह

पावलं मोजणं चांगलं आहे, पण दहा हजार हा आकडा कुठून आला ते माहीत असावं. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं, आणि त्या वातावरणात 1965 साली जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं होतं. नाव गाजलं, आकडा जगभर गेला. 2019 साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यात रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे कमी दिसलं, आणि साधारण 7,500च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. सत्तरीच्या आजीला ‘अजून तीन हजार राहिली’ म्हणून रात्री अंगणात फेऱ्या मारायला लावणाऱ्या नातवंडांनी हे जरूर वाचावं.

दुसरी गोष्ट अशी, की फोन त्याला मोजता येतं तेवढंच मोजतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी बाई सकाळपासून ओळीच्या ओळी वाकून वेचते, पोटाशी बांधलेली ओटी भरली की ढिगापर्यंत नेऊन ओतते, परत येते. फोन बांधावरच्या पिशवीत असतो. संध्याकाळी तो सांगतो, आज तुम्ही अगदीच कमी चाललात. घरी मुलगा तो आकडा वाचून आईला चालायचा सल्ला देतो. अशा बाईला चालायच्या सवयीची काहीच गरज नसते. तिला कंबर सरळ करायच्या दहा मिनिटांची आणि वेळेवर पाणी प्यायची सवय लागायला हवी, आणि ती कुठलंही ॲप आपण होऊन सुचवणार नाही. ॲप निवडायच्या आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवावं लागतं, ते यासाठी. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 साली चलनाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. त्याचा पुढे रूढ झालेला अर्थ असा: माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून कामाचं राहत नाही. बसल्या बसल्या हात हलवून पावलं वाढवणारा माणूस पाहिला की हे लगेच पटतं.

सलग दिवसांच्या मोजणीचंही तेच. भाषा शिकवणारी, ध्यान करवणारी ॲप्स ‘इतके दिवस सलग’ दाखवतात. सुरुवातीला त्याने हुरूप येतो. मग आखाजी येते, लेक माहेरी येते, झोके, गाणी, पाहुणे, आणि एक दिवस राहतो. आकडा शून्यावर येतो आणि माणूस म्हणतो, मोडलंच आहे तर राहू दे. लॅलींच्या अभ्यासातला मुद्दा इथे आठवावा. एक दिवस चुकल्याने सवयीचं नुकसान होत नव्हतं. नुकसान शून्य पाहून खचण्याचं असतं. म्हणून सलगची मोजणी बंद करून आठवड्याचा हिशेब ठेवा. सातातले पाच दिवस झाले तर आठवडा पूर्ण. लग्नसराईत सातातले तीन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने केलेली फुलीही फोनइतकीच चांगली, किंबहुना जास्तच, कारण ती घरातल्या सगळ्यांना दिसते.

पैशाच्या सवयीबद्दल थोडक्यात. बचत ही एकच सवय अशी आहे, की ती पूर्णपणे यंत्रावर सोपवून विसरून जाणं उत्तम. पगार किंवा दुधाचे पैसे जमा होतात त्याच्या दुसऱ्या दिवशी रिकरिंग डिपॉझिटचा हप्ता आपोआप वळता व्हायला बँकेत एकदाच सांगायचं. दर महिन्याला मन घट्ट करायची गरज राहत नाही. यूपीआयमधलं ऑटोपे 2020 पासून आहे, पण त्याच वाटेने करमणुकीच्या ॲपची वर्गणीही गुपचूप जात असते. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा ऑटोपेची यादी उघडून पाहायची आठवण कॅलेंडरमध्ये टाका.

एकट्याने नको

बायकांची बिशी का मोडत नाही? कारण पुढच्या महिन्यात नंबर असलेली बाई वाट पाहत असते. हीच ताकद फोनवर आणता येते. पहाटे चालायला निघणाऱ्या चौघींनी एक छोटा गट करावा आणि त्यात एकच नियम ठेवावा: तलावावर पोचलं की एक फोटो. सुविचार नाहीत, फॉरवर्ड नाहीत. कुणाचा फोटो आला नाही तर दुसरी फोन करते, ‘बरं शे ना?’ असा गट मोठा करू नये. वीस जणांच्या गटात कुणीच कुणाची वाट पाहत नाही.

गावाने मिळून केलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील; मुलं अभ्यास करतील, मोठे वाचतील, बोलतील. मला यात आवडतं ते हे, की भोंगा हेही तंत्रज्ञानच आहे, पण तो सगळ्यांसाठी एकदम वाजतो. शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना आपल्या पोराला ‘बंद कर’ म्हणणं अवघड. सगळी गल्ली शांत असताना सोपं. आपल्याकडेही एखाद्या गल्लीने, एखाद्या सोसायटीने हे करून पाहायला हरकत नाही. घरापुरतं करायचं तर सगळ्यांचे फोन जेवणाच्या वेळी एकाच टोपलीत. मोठ्यांचेही. मुलाचा फोन टोपलीत आणि वडिलांचा हातात असेल, तर मूल त्यातून नेमकं काय शिकतं ते वेगळं सांगायला नको.

गजर कधी काढायचा

काम गजराच्या आधीच होऊ लागलं आहे, असं सलग दोनेक आठवडे दिसलं की गजर कामाच्या नंतरच्या वेळेला न्या. औषधाचा गजर तिथेच राहू द्या; बाकीच्या कामांचा आणखी काही दिवसांनी आठवड्यातून एकदाच ठेवा. मग बंद करा आणि पंधरा दिवस पाहा. चालणं सुरू राहिलं, तर खूण घरात रुजली आहे.

थांबलं, तर बहुतेक लोक आधीपेक्षा मोठ्या आवाजाचा गजर लावतात, किंवा दुसरं ॲप घेतात. त्याऐवजी खूण तपासावी. ‘सकाळी’ ही खूण फार ढोबळ आहे, ‘दाराची कडी काढली की’ ही नेमकी. ‘जेवणानंतर’ शेताच्या कामात रोज वेगळ्या वेळी येतं, ‘गुरांना शेवटची वैरण टाकली की’ रोज येतं. पावसाळ्यात तलावावर जाणं जमत नसेल, तर त्या चार महिन्यांसाठी खूणही वेगळी लागेल आणि जागाही. नवी खूण निवडा, बूट किंवा पुस्तक किंवा गोळ्यांची पट्टी तिच्याजवळ नेऊन ठेवा, आणि मग थोड्या दिवसांसाठी गजर पुन्हा लावा.